पाय धुण्याची जोडी

प्रिय व्हर्ना,

स्मार्टफोन न वापरण्याच्या नियमावरून आपली चर्चची मंडळी फुटली आणि तू पलीकडच्यांत गेलीस, त्याला वर्ष झालं. काल आमचं प्रभुभोजन होतं. भाकर आणि द्राक्षरस झाल्यावर रीतीप्रमाणे एकमेकींचे पाय धुवायला बायका जोडीजोडीने उठल्या आणि मी एकटीच उरले. अठरा वर्षं माझी जोडी तूच होतीस ना गं!

बिशपांची बायको एडना म्हणाली, "ये, आमच्यात तिसरी हो."

"नको, पाय दुखतोय," मी थाप मारली.

मागच्या रविवारी तर, प्रभुभोजनाआधी प्रत्येकीला सांगावं लागतं तसं, सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाले होते, "माझं कुणाशीही वाकडं नाही."

हे पत्र पाठवणार नाही, म्हणून सांगते. तुझ्या फोनची चहाडी बिशपांकडे मीच केली होती.

काल सवयीने पाय घरूनच घासून नेले होते, तुझे हात लागणार म्हणून.

तुझीच बहीण,
आर्लीन