आठ आरशांची स्कूटर

३ जानेवारी, सकाळी ७.२०
आजपासून नोंदी ठेवणार. उद्या कुणी विचारलं की एवढी जुनी स्कूटर एकट्यानं कशी उभी केलीत, तर तारखेनिशी सांगता आलं पाहिजे.

सासऱ्यांची स्कूटर काल आमच्या जिन्याखाली आणली. एकोणीस वर्षं त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. सोळा मार्चला जुन्या स्कूटर्सचा मेळावा आहे, आणि नेमके त्याच दिवशी सासरे पंच्याहत्तर पूर्ण करतात. त्यांची एकच इच्छा आहे. आपल्या त्या गाडीवर बसून मेळाव्यात एक चक्कर मारायची. गुडघे गेलेत, म्हणून मागे बसून. मी शब्द दिला. ते म्हणाले, जावईबापू, फक्त चालती करा, बाकी कशाला हात लावू नका. मी हसलो. म्हाताऱ्या माणसांना व्हिजन नसते.

हिनं विचारलं, तू आजवर घरातला बल्ब तरी बदललायस का? मी पाना शोधायला उठलो.

५ जानेवारी, रविवार
निश्चय: रोज एक तास, रविवारी चार. आज पाने आणि पकडी साइजप्रमाणे लावण्यात तीन तास गेले. उरलेला एक तास कंबर शेकण्यात.

८ जानेवारी
चौकातल्या गॅरेजचा मिस्त्री येऊन बघून गेला. सासऱ्यांची गाडी पूर्वी हाच बघायचा. म्हणाला, साहेब, पेट्रोल बदला, कार्बोरेटर धुवा, प्लग साफ करा, दोन दिवसांत सुरू होईल. दोन दिवसांत! मग मेळाव्यात लोकांना सांगायचं काय? त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

११ जानेवारी
पुढच्या मडगार्डला पोचा आहे. ही म्हणते, शिकताना मी गाडी कुंपणावर घातली होती, बाबांनी तो पोचा मुद्दाम तसाच ठेवला, राहू दे. भावना ठीक आहेत, पण चारचौघांत पोचा मिरवायचा? नवीन मडगार्ड मागवलं. जुनं गोणीत टाकलं. भंगारवाल्याला मी देईन, असं ही म्हणाली. लग्नानंतर प्रथमच माझ्या छंदात हातभार. बरं वाटलं.

१९ जानेवारी
सीट बदलली. हँडल बदललं. हेडलाइटही. जुनं सगळं गोणीत. गोणी दर दोन दिवसांनी रिकामी होते. भंगारवाला फारच नियमित आहे हो.

२६ जानेवारी
सांगाड्याला तळाशी गंज निघाला. डागडुजी मला जमत नाही. म्हणजे पटत नाही. दुसरा सांगाडा मिळवला, एकदम स्वच्छ. जुना न्यायला भंगारवाल्याऐवजी मिस्त्रीच आला. हिनं एका बाजूनं उचलला, त्यानं दुसऱ्या. मी 'सावकाश, सावकाश' म्हणत होतो. टीमवर्क यालाच म्हणतात.

२ फेब्रुवारी
रंग दिला. डब्यावर सूर्यास्ताचा फोटो होता. वाळल्यावर खोकल्याच्या औषधासारखा दिसतोय. तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, प्रायमर का रे हा? हो म्हणालो.

९ फेब्रुवारी
इंजिन. जुन्यात दम नाही असं मला पहिल्यापासून वाटत होतं. सुरू करून पाहिलेलं नाही, पण असल्या गोष्टी जाणकाराला बघूनच कळतात. जास्त ताकदीचं दुसरं आणलं, जुनं मिस्त्री घेऊन गेला. बसेना. ठोकून बसवलं. तीन नट उरले. कंपनीवाले जादाच देत असणार.

१२ फेब्रुवारी
ही संध्याकाळी योगा क्लासला जाते. जुन्या शर्टात. परत येते तेव्हा हात काळे. विचारलं, तर म्हणाली, चटई नवीन आहे, रंग सोडते. घरभर पेट्रोलचा वास आहे. दोष माझाच. रोज साबणानं दोनदा हात धुवायचे. (आजचं राहिलं.)

१५ फेब्रुवारी
जेवताना हिनं अचानक विचारलं, प्लगच्या टोकांमध्ये फट किती ठेवायची? मी अर्धा तास समजावून सांगितलं. शेवटी म्हणाली, एवढी नाही रे, पॉइंट सहा. कुठून ऐकते कोण जाणे. पण बायकोला माझ्या छंदाची गोडी लागली, हे काय कमी आहे?

२० फेब्रुवारी
किक मारल्या: चौसष्ट. गाडी सुरू: नाही. उजवा गुडघा सासऱ्यांसारखा झाला. मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, वेळ नाही साहेब, एका मॅडमची जुनी गाडी हातात आहे, मॅडम स्वतः काम करतात, हात काय आहे त्यांचा, वा! मला हसूच आलं. कोण तो ढेरपोट्या नवरा, जो बायकोला गॅरेजात पाठवून घरी लोळत असेल? असली माणसं पाहिली की स्वतःविषयी आदर वाढतो.

२३ फेब्रुवारी, रविवार
आरसे आले. आठ. चार डावीकडे, चार उजवीकडे. सीटवर बसून पाहिलं. आठही आरशांत मी दिसतो. मागचा रस्ता एकातही दिसत नाही, पण तो बघायचाय कुणाला?

२ मार्च
वायरिंग पूर्ण. इंडिकेटर दिला की हॉर्न वाजतो. ब्रेक दाबला की हेडलाइट जातो. हॉर्न दाबला की काहीच होत नाही. मूळ तत्त्व बरोबर आहे, फक्त फेरफार हवेत.

६ मार्च
सासऱ्यांचा फोन. विचारत होते, जावईबापू, होईल ना हो? चक्कर नाही झाली तर राहू दे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आवाज बारीक झाला होता. मला गलबलून आलं. म्हणालो, डोळे मिटून निश्चिंत राहा. फोन ठेवल्यावर किक मारल्या: चाळीस. नाही.

१० मार्च
स्टायलिश नंबरप्लेट आली. अक्षरं इतकी वळणदार की नंबर मलाच वाचता येईना. जुनी गोणीत टाकणार तोच हिनं हातातूनच घेतली. कागदपत्रंही मागितली, म्हणाली, फाइलला लावून ठेवते. गुणाची आहे.

१३ मार्च
सुरू झाली!! ढकलत नेली, उतारावर, अकरा सेकंद. मग हॉर्न वाजून बंद. अकरा सेकंद ही सुरुवात आहे. हिला सांगितलं. तिनं पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, बाबांना मेळाव्यात मी घेऊन येते, तू तुझी गाडी घेऊन पुढे हो. किती विश्वास!

१६ मार्च
टेम्पोतून नेली. एंट्रीच्या टेबलावरच्या बाईंनी कागद मागितले. फाइल उघडली, तर रिकामी. बाई म्हणाल्या, बरं, सांगाड्यावरचा नंबर सांगा. मी म्हणालो, कुठला, या सांगाड्यावरचा? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

एवढ्यात मागून फट-फट-फट असा एकसुरी आवाज आला. निळसर जुनी स्कूटर. पुढच्या मडगार्डला पोचा. मी मनात म्हणालो, आपल्यासारखीच आहे की कुणाची! मग नंबर वाचला. चालवत होती ही. मागे सासरे, इस्त्रीच्या शर्टात, मुलीच्या खांद्यावर हात. मिस्त्री धावत गेला आणि म्हणाला, या मॅडम.

मी काढून टाकलेलं सगळं तिथं होतं. सीट, हँडल, इंजिन, सांगाडा, प्लेट. माझ्या फाइलमधले कागदसुद्धा. एक चक्कर ठरली होती, त्यांनी तीन मारल्या. सासरे उतरले, पोच्यावरून हात फिरवला आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडलो. शब्द मी दिला होता आणि पाळला हिनं. तो ढेरपोट्या नवरा कोण, हेही कळलं.

मग डोळे पुसून सासऱ्यांनी माझ्या गाडीकडे बोट केलं आणि विचारलं, ही हो कुणाची? मी म्हणालो, माहीत नाही, इथंच उभी होती.

१८ मार्च
विचार केल्यावर लक्षात येतं की मी पार्ट काढले नसते, तर हिला बसवायला मिळाले असते का? तेव्हा श्रेय निम्मं निम्मं. हे हिला बोलून दाखवलं नाही.

ऑफिसला जायला स्कूटर मागितली. ही म्हणाली, बाबांना विचार, गाडी त्यांची आहे. फोन केला. सासरे म्हणाले, न्या की, पण मागे बसून. हिनं ऑफिसला सोडलं. माझ्या आठ आरशांपैकी एक तिनं मागून घेतला होता, तो स्वतःच लावला. मागे बसल्या बसल्या पाहिलं. त्यात मी दिसत नव्हतो, मागचा रस्ता दिसत होता.

वाटेत बंद पडली तर असावा म्हणून पाना खिशात ठेवला होता. पडली नाही.