बारा सक बहात्तर

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला की नुसताच सूर बदलला? आम्ही इकडे ठीक. ठीक म्हणजे झोप नाही, भूक नाही, आणि बायको आजाऱ्याशी बोलावं तसं गोड बोलते, त्यावरून काय ते ओळख.

इस्पितळाच्या धुलाईखान्यातला बॉयलर मी इतकी वर्षं सांभाळतो हे तुला माहीत आहेच. (त्याला शिंक आली तरी मला आधी कळतं.) आता नवा, मोठा बॉयलर येतोय आणि त्याला वरचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर बॉयलर दुसऱ्याच्या हाती आणि मी चादरींच्या घड्या घालायला. तीनदा नापास झालोय. मागच्या तोंडी परीक्षेत साहेबांनी अगदी मवाळपणे विचारलं, की बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर आधी काय कराल? अगं, हे मी झोपेतही करीन. पण साहेबांनी चष्मा वर सरकवला आणि माझं डोकं धुतलेल्या चादरीसारखं पांढरं झालं. तोंडातून निघालं, "बारा सक बहात्तर." साहेबांनी ते लिहूनही घेतलं.

(याला जबाबदार तू. पाहुणे आले की मला स्टुलावर उभं करून बाराचा पाढा म्हणायला लावायचीस. मी सकापाशी अडायचो आणि तू मागून पुटपुटायचीस. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, म्हणून जास्त बोलत नाही.)

मग तुझ्या लेकीने, म्हणजे आमच्या मेंदूवाल्या भाचीने, मला प्रयोगशाळेत नेलं, डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि आकडे ऐकून उलटे म्हणायला लावले. गंमत म्हणून म्हणा म्हणाली, तोवर धडाधड म्हटले. मग आता याचे गुण धरणार म्हणाली, तशा पडद्यावरच्या रेघा अंगात आल्यासारख्या नाचायला लागल्या आणि मला साधे चार आकडे जमेनात. तिचं म्हणणं असं, की हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवायला डोक्यात एक छोटासा ओटा असतो. काळजी येऊन त्यावर मांडी ठोकून बसली, की पातेलं ठेवायचं कुठे? शिकलेलं सगळं फडताळात शाबूत असतं म्हणे. असेल, पण साहेब फडताळ बघत नाहीत. मी खरंच कंटाळलोय, ताई. बॉयलरने कधी दमवलं नाही एवढं या परीक्षांनी दमवलं.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो गुडघ्यांसारखाच जपून वापर.

तुझा,
धाकटा

ता. क. – हे पत्र परीक्षेच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. हे भाचीचंच औषध. आत जाण्याआधी काळजी कागदावर उतरवली की ओटा मोकळा होतो म्हणे. आणि खरंच झाला गं. आधी काच तपासायची, पाणी नसेलच तर जाळ बंद, आणि काही झालं तरी थंड पाणी आत सोडायचं नाही. सगळं लख्ख दिसतंय. म्हणून एकच मागणं. धीर द्यायला येते म्हणाली होतीस, ती येऊ नकोस. (पत्र पोचेपर्यंत निकाल लागलेला असेल हे मला कळतं, काळजीला कळत नाही.)

ता. क. २ – शिपायाने मला पुकारलं, आणि फाटकातून तू येताना दिसलीस, पिशवी, छत्री आणि गुडघ्यांसकट. पत्र हातातच देतो. लांबूनच ओरडून विचारलंस, "सगळं आठवतंय ना रे?"

आठवतंय, ताई. बारा सक बहात्तर.