आबांचा बल्ब आणि पंपाचा कंडेन्सर

आबा, आज धुळ्याच्या कॉलेजात पोरांसमोर तुमचा बल्ब पेटवला. तुमच्या एरंडोलच्या दुरुस्तीच्या दुकानातला तोच लाकडी बोर्ड, साठ वॅटचा बल्ब, आणि कंडेन्सर जोडायला मोकळी सोडलेली दोन टोकं. पंख्याचा कंडेन्सर जोडला, बल्ब मिणमिणला. पंपाचा जोडला, जवळजवळ पूर्ण पेटला. "यातला खराब कोणता?" मी विचारलं. अख्ख्या वर्गाने पंपाच्या कंडेन्सरकडे बोट दाखवलं. दरवर्षी दाखवतात, आणि दरवर्षी मला तुम्ही आठवता.

मग मी ऐटीत समजावते. कंडेन्सरच्या आतून वीज आरपार जातच नाही. बॅटरीची वीज एकाच दिशेची; कंडेन्सर एकदा भरला की प्रवाह थांबला, आणि तो इतक्या झटकन भरतो की छोट्या बल्बला पेटायलाही फुरसत मिळत नाही. घरातली वीज मात्र सतत दिशा बदलते. कंडेन्सर इकडून भरतो, रिकामा होतो, तिकडून भरतो, आणि या ये-जा करण्यावर बल्ब पेटता राहतो. कंडेन्सर जेवढा मोठा, तेवढी ये-जा जास्त. म्हणून पंपाचा धडधाकट कंडेन्सरही बल्ब लख्ख पेटवतो. तो शॉर्ट झालाय का, म्हणजे आतून वीज आरपार जायला लागलीय का, हे तुमचा बोर्ड सांगू शकत नाही. ते बॅटरी सांगते: तिच्यावर बल्ब पेटत राहिला, तर कंडेन्सर गेला.

तुमचा सगळा जन्म पंख्यांत गेला. "मिणमिणला तर चांगला, लख्ख पेटला तर भंगार," हा तुमचा नियम पंख्यांपुरता कधी चुकला नाही. पंप दुकानात नुकतेच यायला लागले होते. भडगावकडचे एक केळीवाले नाना विहिरीच्या मोटारीचा कंडेन्सर घेऊन आले, बल्ब लख्ख पेटला, तुम्ही तो भंगाराच्या डब्यात टाकला आणि नवा दिलात. दोन दिवसांनी नाना सकाळीच दारात उभे. "आबा, मोटर अजून गुरगुरीच ऱ्हायनी. मनी केळी सुकी चालनी." मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, सुटीत घरी आलेली. मी डब्यातून जुना कंडेन्सर काढला, बॅटरीवर लावला. बल्ब पेटला नाही. "आबा, हा चांगलाच होता. दोष मोटारीत आहे," मी नानांसमोर म्हणाले. तुमचा चेहरा पडला. तुमचा शब्द म्हणजे गावात दगडावरची रेघ, आणि ती मी गिऱ्हाइकासमोर पुसली होती. नाना गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "बठ्ठं तुलेच समजस. पन मग घर सांगाले काय व्हयनं व्हतं?" सगळं तुलाच कळतं, तर आधी घरी का नाही सांगितलंस, असं.

"मला आत्ताच कळलं," मी म्हणाले.

दुपारी तुम्ही सायकल काढलीत आणि थेट नानांच्या मळ्यात गेलात. मोटार स्वतः उघडलीत, आतली तारेची जळकी गुंडाळी दाखवलीत आणि म्हणालात, "चूक मनी व्हती, पोरनी धरी." नानांनीच मला हे नंतर सांगितलं. पुढच्या आठवड्यात तुमच्या बोर्डावर एक बॅटरी आणि एक चिमुकला बल्ब आला. मी कॉलेजला निघाले, तेव्हा पंपाचा तो जुना कंडेन्सर तुम्ही माझ्या पिशवीत टाकलात. "पोरेसले दाखाडजो," म्हणालात. मी शिकवणार, हे तुम्ही माझ्याआधी ठरवलं होतं. आज वर्गात तोच जोडला होता, अजून उत्तम आहे.

ही सगळी गोष्ट मी वर्गाला दरवर्षी सांगते, रंगवून सांगते. फक्त एक गाळते. तो कंडेन्सर मी आदल्या दिवशीच, तुम्ही जेवायला घरी गेला होता तेव्हा, बॅटरीवर तपासला होता. रात्री घरी तुमच्यासमोर बसून जेवले, आणि गप्प राहिले. तुमची चूक मी धरताना कोणीतरी बघायला हवं होतं, आबा. नानांची केळी माझ्यामुळे आणखी एक दिवस तहानलेली राहिली.