ताई माझ्याच गाडीतून जाणार

३ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून रोजनिशी. गॅरेजचा मिस्त्री म्हणतो, गाडीचं रोजचं दुखणं रोज लिहावं. माझं कारण वेगळं. सज्जनाचे अपराध कुठेतरी लिहून ठेवायला पाहिजेत.
सज्जन म्हणजे ताईचा होणारा नवरा. आई म्हणते, जिजू म्हण. तोंडाने म्हणतो. वहीत सज्जन.
बातमी अशी की ताईला बाहेरगावी नोकरी लागली. बावीस तारखेला, रविवारी, जायचं. चार तासांचा रस्ता. सोडायला कोण जाणार? सज्जन जेवता जेवता म्हणाला, मी सोडेन की. 'की' बघा! जसं काही शेजारच्या गल्लीत सोडायचंय.
मी म्हणालो, ताई माझ्याच गाडीतून जाणार. मुळात गाडी ताईची. तिनेच मला शिकवली. पहिल्याच दिवशी मी फाटकाला ठोकली, तर आईला म्हणाली, मी ठोकली. तेव्हा सज्जन कुठे होता?
ताई म्हणाली, येईन तुझ्या गाडीतून. पण तो पिवळा दिवा विझला तरच.
एकोणीस दिवस आणि एक दिवा. हसूच आलं.

४ फेब्रु.
दिव्याबद्दल. इंजिनाचं चित्र असतं तो. गाडी मॉडिफाय केल्यापासून लागलाय. मॉडिफाय म्हणजे काय काय केलं: सायलेन्सरला जाड नळकांडं. मागे डिकीवर पंखासारखा स्पॉयलर. मागची सीट काढली, वजन कमी, पिकअप जास्त. आणि बॉनेटखाली शंकूसारखा उघडा एअर फिल्टर. हा धुवायचा, वाळवायचा, वरून तेल लावायचं. डबीवर लिहिलंय, थोडं तेल लावा. थोडं लावायला मी काय चिक्कू आहे?
मिस्त्री म्हणाला, स्कॅनर लावू, काय ते कळेल. मी म्हणालो, नाडी कळत नाही तो मशीन लावतो. तो म्हणाला, मग बघत बस नाडी.
बघितली. फिल्टर तहानलाय. आणखी तेल पाजलं.

६ फेब्रु., सकाळी ९
विझला!!! बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवली, परत लावली. दिवा गायब. मिस्त्रीला लागली ना वीस वर्षं शिकायला.
ताईला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.
त्याच वेळी सज्जनाने तिला एक फोटो पाठवला होता, तिच्या नव्या खोलीसाठी घेतलेल्या बादलीचा. त्यावर तिने हृदय पाठवलं. मी तिच्या खांद्यावरून बघितलं म्हणून कळलं.
बादलीला हृदय. निळी बादली. साधी.

८ फेब्रु.
दिवा परत आला. सज्जन काल गाडीकडे बघून 'छान आवाज आहे' म्हणाला होता. नजर लागली, दुसरं काय.
फिल्टर पुन्हा धुतला. तेल दुप्पट. आता इंजिनालासुद्धा वाटलं पाहिजे की घरात समृद्धी आहे.
सज्जनाची गाडी पांढरी. कंपनीने दिली तशी. एक स्टिकर नाही. मी सीट कव्हरच्या दुकानात कामाला, रोज पन्नास गाड्या बघतो, इतकी बेचव गाडी नाही बघितली. दिवा मात्र एकही लागत नाही. आई दोनदा म्हणाली, बघ त्याची गाडी कशी गप असते. म्हणजे मी गप नसतो.
दुकानातून शिकाऊ ड्रायव्हरचं 'L' स्टिकर आणलं. त्याच्या मागच्या काचेवर चिकटवलं.

१२ फेब्रु.
चार दिवस सज्जन गावभर 'L' लावून फिरला. आज त्याला कळलं. मी चेहरा बघायला मुद्दाम गेलो. म्हणाला, अरे वा, म्हणून कोणी हॉर्न मारत नव्हतं! राहू दे.
अजून लावलेलंच आहे. अशा माणसाचं काय करायचं?

१३ फेब्रु., संध्याकाळी
मोठा बेत. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला आतून रबरी रिंग असते. ती नसली की वाफ निसटते, आणि इंजिनाचा दिवा लागतो. गाडीला काही होत नाही, फक्त इज्जत जाते. म्हणजे परफेक्ट.
सज्जन वर चहा पीत होता. गाडी उघडीच. रिंग काढली. टाकणार होतो, पण माझ्या किल्लीला लावली. पदक म्हणून. शोभते.

१६ फेब्रु.
सज्जनाचा दिवा लागत नाही. तीन दिवस झाले. गाडीपण त्याच्यासारखीच, काही मनाला लावून घेत नाही.
माझा लागलेलाच. आज नुसता लागलेला नव्हता, लुकलुकला. डोळा मारला मला. तेल दिलं. डबी संपली. नवी आणली.

१७ फेब्रु.
दिव्यावर काळी टेप लावली. अगदी मापात कापून. दिवा हा बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो. डोळा झाकला, आजार संपला.
ताईला चक्कर मारायला नेलं. वीस मिनिटांत अकरा वेळा 'तो म्हणतो'. तो म्हणतो पडदे फिके घे. तो म्हणतो सकाळी लवकर निघू. मोजत होतो म्हणून गिअर चुकला, गाडी आचके द्यायला लागली. ताई वाकली आणि नखाने टेप सोलली. लहानपणी माझ्या गुडघ्याची पट्टी अशीच काढायची, एका झटक्यात.
म्हणाली, गधड्या, अजून पाच दिवस आहेत.
गधड्या मलाच म्हणते. त्याला अजून नाही म्हणाली. हे लिहून ठेवतो.

१९ फेब्रु.
ताईने त्यालाच पाठवलं. घरभेदी.
सज्जन बोटाएवढं यंत्र घेऊन आला. स्टीअरिंगखाली खुपसलं, मोबाइल बघितला. म्हणाला, हवा मोजणारा सेन्सर बोंबलतोय. काढला. सेन्सर तेलाने न्हालेला. मला विचारलं, फिल्टरला तेल जरा जास्त होतंय का, बहुतेक?
बहुतेक! समोर दोन रिकाम्या डब्या पडल्यात आणि हा बहुतेक म्हणतो. सरळ शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
स्प्रे मारला, वाळवला, लावला. दिवा विझला. इतका वेळ माझा गाढवपणा चालला होता असं कोणी समजू नये. माझ्या उपचारांना उशिरा गुण आला. मिस्त्रीसुद्धा म्हणतो, असं होतं. (म्हणाला नाही, हसला.)

२१ फेब्रु.
दिवा बंदच. जिंकलो! अट पूर्ण. ताईनेही मान्य केलं, उद्या तुझ्या गाडीतून.
मग आई म्हणाली, मीपण येणार, पोरीची खोली लावून द्यायला. मग ताई म्हणाली, आई कुठे बसणार?
मागची सीट.
काढलेली सीट गच्चीवर होती. आता तिथे शेजाऱ्यांचं मांजर पिल्लांसकट राहतं. मी हात घातला. हात दाखवत नाही.
नवा निर्णय आईचा: आई आणि ताई सज्जनाच्या गाडीतून. सामान माझ्या. म्हणाली, तुझ्या गाडीत जागाच जागा आहे रे.
रेसिंगसाठी तयार केलेली गाडी. गादी, शेगडी, दोन बॅगा, पडदे (फिके).

२२ फेब्रु., रविवार. दुपारी १. गाडीत लिहितोय, अक्षर हलतंय
सकाळी निघालो. पुढे सज्जन, मागे मी आणि गादी. निम्म्या रस्त्यात तो बाजूला थांबला. त्याचा दिवा लागला होता! शेवटी!
मी मोठ्या मनाने म्हणालो, जिजू, रिस्क नको, ताईला माझ्या गाडीत घेतो, जागा करतो. आई घाबरली. सज्जनाने यंत्र लावलं, मग सरळ जाऊन टाकीचं झाकण उघडलं. म्हणाला, रिंग नाहीये.
ताईने झाकणाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या बोटाकडे. बोटात किल्ली गरगर फिरत होती. आनंद झाला की मी फिरवतो. रिंगही फिरत होती.
आई विचारत होती, कुणी काढली गं, कुणी काढली? सज्जन म्हणाला, कुणी नाही हो, झाकण मीच नीट लावलं नव्हतं, पडली असेल.
हे ताईचं होतं. फाटक ठोकलं तेव्हाचं. तेसुद्धा याने घेतलं.
ताईने हात पुढे केला. किल्ली दिली. तिने रिंग काढली, झाकणाला बसवली, किल्ली काही परत दिली नाही. माझ्या गाडीच्या पुढच्या सीटवरची ती निळी बादली उचलून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, जा, तिकडे बस.
मग माझ्या गाडीत बसली, आरसा सारखा केला आणि निघाली. एकटी.
मी सज्जनाच्या मागच्या सीटवर. आई पुढे, झोपली. त्याचा दिवा अजून पेटलेलाच. लगेच जात नाही म्हणाला, दोन-चार दिवस गाडी चालली की आपोआप विझेल. असं म्हणून मला पाणी दिलं.
पुढे ताई चाललीय. नळकांडं मस्त वाजतंय. वळणं माझ्यापेक्षा चांगली घेते.
नोंद: बोलल्याप्रमाणे ताई माझ्याच गाडीतून गेली.
बादली तासभर मांडीवर आहे. सगळ्या बाजूंनी बघितली. हृदय देण्याइतकी काही नाही.