नव्या टाकीवरचं कुंकू

आत्याबाई,

गॅसची टाकी पहाटे संपली. दुसरी मीच बसवली आहे. साबणाचा फेस लावून पाहिला, कुठे गळत नाही. अण्णांच्या आंघोळीचं पाणी गॅसवरच तापवा. बंबाच्या धुराने त्यांचा खोकला वाढतो. चहा झाकून ठेवला आहे. मला घरात बसवत नाही, म्हणून स्टेशनपर्यंत चालत जाऊन येते.

टाकीवर हळदकुंकू दिसेल. ते मी लावलं आहे. विधवेने लावलेलं तुम्हाला चालायचं नाही, हे मी जाणते. तरी पुसू नका.

मागची टाकी बसवली तो आईचा शेवटचा धडधाकट दिवस. नवी टाकी आली की ती आधी कुंकू लावायची, मगच शेगडी पेटवायची. त्या दिवशी मात्र तिने करंडा माझ्यापुढे धरला.

"सरू, आज तू लाव."

"मला कुठं चालतं, आई?"

"टाकीला काय समजून राह्यलं, कोणाचा नवरा हाय अन् कोणाचा न्हाई! लाव जल्दी, चहा खोळंबलाय."

मी बँकेला उशीर होतोय म्हणून चपला घातल्या. दारातून वळून पाहिलं, तर तीच लावत होती. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आज फळीवरून करंडा काढला आणि बराच वेळ नुसताच हातात धरून उभी राहिले. तुम्ही सगळे झोपला होतात. तरी मी मोठ्याने म्हणाले, "आण आई, मी लावते."

— सरोजिनी