पहिल्या पानावरची हळद

बाभुळगाव, ९ जून २०२५

चि. सौ. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

तुमच्या झरीकडच्या जंगलात फोन लागत नाही, म्हणून कागद काळे करते आहे. जावईबापू वनखात्यात आहेत, तर एखाद्या वाघाबरोबर निरोप तरी धाडायचा.

तुझ्या लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह आला. तुझ्या चुलतभावाने, अतुलने, कॉम्प्युटरवर लावून दाखवला. सगळे फोटो बारीक चौकोनांत दिसतात आणि टिचकी मारली की पडदाभर होतात. त्यातून अल्बमसाठी निवडायचे आहेत. पण तुझ्या मोठ्या काकांनी, बापूजींनी, बजावलं आहे की हळदीतले माझे फोटो घ्यायचे नाहीत. विधवा बाईने नवरीला हळद लावली हे आल्यागेल्याला कशाला दाखवायचं, म्हणतात. मी हो म्हटलं. वाईट वाटून घेऊ नको.

माया कमी होऊ देऊ नको.
तुझी आई

झरी, १६ जून

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

मला वाईट वाटलं नाही, राग आला. बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. तेव्हापासून न्हाऊमाखू तूच घातलंस, कोणी आडवं आलं नाही. मग हळदीलाच तुझे हात कसे बाटले? मी बळेच नेसवलेली हिरवी साडीसुद्धा हळद होताच तू सोडून टाकलीस.

तुझे फोटो नसतील तर मला अल्बमच नको. बापूजींना खुशाल सांग. तुझे जावई इंद्रजित माझ्या बाजूने आहेत, नसते तरी मी हेच लिहिलं असतं.

रागावले तरी तुझीच,
वैष्णवी

बाभुळगाव, २४ जून

चि. सौ. वैष्णवीस आशीर्वाद.

तुझं म्हणणं ऐकून बापूजी तापले आणि स्वतःच कॉम्प्युटरपुढे बसले. चष्मा लावायचा नाही हा त्यांचा बाणा तुला ठाऊकच आहे. एकही फोटो मोठा न करता त्या चौकोनांत माझी नेहमीची पांढुरकी साडी शोधत होते. हिरव्या साडीची त्यांना खबरच नाही, हळदीच्या वेळी ते मांडवात पाहुण्यांपाशी होते.

एका चौकोनावर बोट ठेवून ते अतुलला म्हणाले की आपली विमल पाहा कशी वाकून हळद लावते आहे, हाच पहिल्या पानावर घे. अगं, ती त्यांची बायको, तुझी विमलकाकू नव्हे, मी आहे. अतुल मान खाली घालून हसत होता. आता मी काय करू ते कळव.

तुझी आई

झरी, ३० जून

ती. आईस सा. न.

काही करू नकोस, गप्प राहा. बापूजींनी आपल्याच हाताने निवडला आहे, छापून येऊ दे. मग बसतील चष्मा लावून बघत. मी इकडे एकटीच हसते आहे.

तुझी
वैष्णवी

बाभुळगाव, ८ जुलै

चि. सौ. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. पहिल्या पानावर लपून बसायला मी काय कोणाची चोरी केली आहे? बापूजी आणि विमलताई दोघांना बोलावलं, बापूजींच्या हातात चष्मा दिला आणि अतुलला तो फोटो पडदाभर करायला लावला. मग म्हटलं, "बापूजी, हे मी हावो. माह्या पोरीले हळद मीनंच लावली. काढाचा असन त माह्या तोंडाकडं पाहून काढा."

पंधरा वर्षांत त्यांच्यापुढे इतकं मोठ्याने बोलले नव्हते. विमलताई म्हणाल्या की फोटो झकास आला आहे. बापूजींनी चष्मा टेबलावर ठेवला आणि वावरात निघून गेले.

फोटोवाल्याला द्यायच्या फोल्डरात तो फोटो मी स्वतः टाकला. अतुल म्हणत होता की मी टाकतो, पण त्याला मी माऊसला हात लावू दिला नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. आहे ती माया अशीच राहू दे.
तुझी आई,
कांताबाई