उत्पलाच्या खोलीत येणारा

कसबा बावडा, कोल्हापूर
मंगळवार, दि. १८ नोव्हेंबर २०२५

चि. रूपालीस,

आईचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, काय झालंय ते नीट सांग," आणि तेवढ्यात तुझी वेळ संपली. पोलीस ट्रेनिंगमध्ये तुम्हाला आठवड्याला दहा मिनिटं मोबाईल, आणि ती दहा मिनिटं तुझी लेकच खाऊन टाकते. शिवाय तुझे आबा फोन हातात धरून शेजारी बसलेले असतात. म्हटलं, त्यापेक्षा पत्र लिहावं. तीस वर्षं अंगणवाडीत लिहून हात मुरलाय माझा, अजून चालतो.

इकडं ठीक आहे. थंडी पडायला लागलीय. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, त्यामुळं रात्रभर उसाच्या ट्रॅक्टरांची घरघर आणि घरात मळीचा वास. उत्पलाचा पुढचा दात पडला. जावईबापूंचा सीमेवरून परवा फोन आला होता, खुशाल आहेत. माझ्या खांद्याची काळजी करू नको. मोरीत पाय घसरला, डाव्या खांद्याजवळचं हाड जरा चिरलंय, हात झोळीत बांधलाय. उजवा शाबूत आहे.

उत्पला रात्रीची भिते, ते तुला फोनवर कळलंच. या महिन्याच्या सुरुवातीपासून हे सुरू झालं. म्हणते, तिच्या खोलीत कोणतरी येतं. उंच आहे, डोकं मोठ्ठं आहे आणि त्याला तोंड नाही. पलंगाच्या पायाशी उभं राहतं आणि नुसता श्वास घेतं. मी आधी हसले. मोबाईलवर काहीतरी बघितलं असेल म्हटलं. पलंगाखाली झाडू फिरवून दाखवला, कपाट उघडून दाखवलं. "बघ, हाय का काय?" तर म्हणाली, "आत्ता न्हाई आजी. ते पहाटेच्या कारखान्याच्या भोंग्याआधी येतं."

मी तिला शिकवलं, भीती वाटली की डोळे मिटायचे आणि शंभरपर्यंत अंक मोजायचे. तसलं काही नसतं. शंभर होईपर्यंत झोप लागते.

तिनं आबांना सांगितलं. ते म्हणाले, "भ्यायचं न्हाई. मी बसतो की राखणीला. येऊ दे त्याला, पान्यानं टाळकंच फोडतो." कारखान्यात चौतीस वर्षं ज्या पान्यानं नट आवळले तो, कोपरभर लांब, रिटायर झाल्यावर घरी आणलेला. पोरगी इतकी खूश झाली की त्यांच्या गळ्यातच पडली.

आता ती माझ्यापाशी झोपते. काळजी नसावी.

गुरुवार, दि. २०

हे पत्र टाकलं नाही. दोनदा टपालपेटीपर्यंत जाऊन परत आले. वर जे लिहिलंय ते वाचून तू निश्चिंत झाली असतीस, आणि मला तेच नको आहे. तरी लिहायला बसले की हात आखडतो. आत्ता आबा अंगणात ऊन खात बसलेत, तेवढ्यात लिहिते.

रूपा, मी मोरीत घसरले नाही.

पण आधी दुसरं सांगते. उन्हाळ्यात आम्ही जयसिंगपूरला लग्नाला गेलो होतो, आठवतं? परतताना मी स्टँडवर तिकिटाची चौकशी करायला गेले, तर हे जागेवर नाहीत. दोन तास शोधलं. शेवटी रेल्वे स्टेशनच्या बाकड्यावर सापडले. मला बघून म्हणाले, "बाई, कारखान्याची गाडी हितंच येती न्हवं?" मला बाई म्हणाले. मग शेजारच्या आकाराम भाऊजींना घेऊन त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डोक्याचे फोटो काढले, प्रश्न विचारले. विसरण्याचा आजार आहे म्हणाले, गोळ्यांनी थोडा थोपतो, पण वाढत जाणार. तुझी निवड नुकतीच झाली होती. कळलं असतं तर तू ट्रेनिंगला गेलीच नसतीस. हे एक कारण. दुसरं असं, की ज्या माणसाच्या हाताखाली वीस-वीस पोरं कामाला होती, त्याच्याकडं कुणी कीव करून बघावं, हे मला सोसणारं नव्हतं. अगदी तू सुद्धा.

दिवसा त्यांचं बरंच बरं असतं. पण हंगाम सुरू झाला आणि पहाटे चारचा भोंगा वाजायला लागला. त्यांच्या अंगातली पहिली पाळी जागी झाली. भोंग्याच्या आधीच उठतात. उत्पलाची खोली म्हणजे पूर्वीची त्यांची ड्युटीच्या कपड्यांची खोली. ते तिथं जातात.

मला हे दुसऱ्याच रात्री कळलं होतं. उठून बघते तर डोक्या-तोंडाला मफलर गुंडाळून अंधारात तिच्या पलंगाशी उभे.

"अहो, काय करताय?"

"कपडे कुठं हायत माझे? पयली पाळी हाय."

हाताला धरून आणून झोपवलं. सकाळी त्यांना काहीच आठवेना. उत्पला चहापाण्याच्या वेळी सगळं सांगत होती आणि हे तिचं दूध फुंकून देत विचारत होते, "मग? तोंड कसं व्हतं त्याचं?" मी शेगडीपाशी पाठ करून उभी राहिले. एक शब्द बोलले नाही. पुढं ते राखणीला बसतो म्हणाले, तेव्हाही नाही बोलले. म्हटलं, निदान खुर्चीवर बसून डुलकी तरी काढतील. पाना काढून घ्यायचं माझ्या मनात आलं होतं. आलं होतं, रूपा. पण दोघं इतकी खुशीत होती.

गेल्या शुक्रवारी पहाटे मला त्यांच्या आवाजानं जाग आली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"कोण हाय? कुणाचं पोर हे? माझ्या घरात कोण झोपलंय?"

धावले. दिवा लागलेला नव्हता, खिडकीतून रस्त्याचा उजेड येत होता. पाना डोक्याच्या वर धरलेला. उत्पला उताणी, दोन्ही मुठी छातीशी आवळलेल्या. ओरडत नव्हती. मला वाटलं, दातखीळ बसली. मग दिसलं, तिचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि ओठ हलत होते. ती अंक मोजत होती.

मी तिच्यावर जाऊन पडले. घाव माझ्या खांद्यावर बसला.

दुसरा घाव झाला असता की नाही, मला माहीत नाही. तेवढ्यात भोंगा वाजला. त्यांचा हात खाली आला. अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "शेवंता, भोंगा झाला. डबा दे."

दवाखान्यात आकाराम भाऊजींनीच नेलं. तिथं मी मोरीत घसरले म्हणून सांगितलं, भाऊजी खाली बघत राहिले. पाना भाऊजींकडंच दिलाय. घरी आल्यावर आबांनी विचारलं, "हाताला काय झालं गं?" त्यांनाही तेच सांगितलं. दुपारी स्वतः बाजारात जाऊन ते मोरीसाठी रबराची चटई घेऊन आले. म्हणाले, "जपून जा बाई, तुला काय झालं तर मी कुणाकडं बघायचं?"

उठले बघ ते. थांबते.

रविवार, दि. २३

आज संध्याकाळी तुझा फोन येईल आणि मी पुन्हा हसून बोलेन. त्याआधी हे पुरं करते.

उत्पलाही माझ्यापाशी झोपत नाही. ते खोटं लिहिलं होतं. त्या शुक्रवारपासून ती शेजारी आकाराम भाऊजींच्या घरी, त्यांच्या अंबूबाईंपाशी झोपते. काल दुपारी तिला जवळ घेऊन बसले आणि सांगितलं. म्हटलं, "उत्पला, तू खरं सांगत होतीस. तुझ्या खोलीत येत होतं. आजी खोटं बोलली."

तिनं माझ्या हाताच्या झोळीला बोट लावलं. मग म्हणाली, "ते आबा हायत न्हवं?"

"तुला ठाऊक होतं?"

"त्या रात्री ते बोलल्यावर कळलं. आधी न्हाई."

मी आजाराचं सांगितलं, सहा वर्षांच्या पोरीला जेवढं सांगता येतं तेवढं. डोक्यातल्या वाटा पुसल्या जातात, रात्री जास्त पुसल्या जातात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दिवसा ते कोण असतात?"

मी म्हटलं, आबाच. पण माझं मलाच ते खरं वाटलं नाही. त्या रात्रीपासून ती त्यांना पाण्याचा तांब्या देते तो लांबून, हात पुरेल तेवढा लांब करून. मांडीवर बसत नाही. ते मला विचारतात, "पोरगी रुसलीय व्हय माझ्यावर? काय केलं मी?"

मी रात्री आमच्या खोलीला आतून कडी लावते. त्यांचं अंथरूण बाहेर सोप्यात घालते, घराच्या दाराला कुलूप आणि किल्ली माझ्या उशाशी. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मी या माणसाच्या आणि माझ्या मधी कडी घातली. झोप लागत नाही. कान बाहेर असतो. ते चालायला लागले की मी उठून कडी चाचपते. परवा मीही अंक मोजत होते.

काल पहाटे त्यांनी दार वाजवलं. जोरात नाही, बोटांनी.

"शेवंता. दार उघड."

मी अंथरुणात उठून बसले.

"शेवंता, घरात कोणतरी शिरलंय. अंधारात उभारलंय. मला भ्या वाटतंय गं."

मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. खांदा ठणकत होता. उत्पला आपली भीती सांगायची तेव्हा मी हसले होते, झाडू फिरवून दाखवला होता. आता कशावर झाडू फिरवू? बाहेरून पुन्हा म्हणाले, "मी आत येऊ? मी काय करनार न्हाई."

मग मी कडी काढली. ते उंबऱ्याशी खाली बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन. मी दिवा लावला. त्यांनी माझा पदर मुठीत धरला आणि सोडलाच नाही. भोंगा वाजला तेव्हा दचकले, पण उठले नाहीत. "ते गेलं का?" म्हणून दोनदा विचारलं. मी म्हटलं, तसलं काही नसतं. मग जीभ चावली आणि म्हटलं, "हाय. पण मी बसलेय इथं." उजाडेपर्यंत तशीच बसून होतो. मला त्यांची भीती वाटत होती, आणि त्यांना माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

रूपा, तुझ्या साहेबांना खरं काय ते सांग आणि चार दिवसांची रजा काढून ये. उत्पलाला सांगलीला तुझ्या सासूबाईंकडं ने. तिची शाळा बुडली तर बुडू दे. जाताना तिच्यासमोर आबांच्या पाया पड, हात मागं घेऊ नको, ती तुझ्याकडं बघूनच शिकेल. ट्रेनिंग सोडू नको, तसं केलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आकाराम भाऊजी रात्री सोप्यात झोपायला यायला तयार आहेत, आणि डॉक्टरांना मी उद्या सगळं सांगणार आहे, खांद्याचंसुद्धा. मला मात्र "तूही चल" म्हणू नको. तेवढं एक ऐकणार नाही.

लवकर ये.

त्या माणसाला भिणारी, आणि त्याला सोडून कुठंही न जाणारी,
तुझी आई,
शेवंता